लिएनवर गेलेली माणसं

बुऱ्हाणपूरहून इच्छापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर शाहपूर लागतं. दोन्ही अंगांना केळीचे मळे. बाजारात लेवा गणबोली आणि हिंदी एकाच तोंडातून निघतात, आणि इच्छादेवीचा डोंगर मागे पडला की महाराष्ट्र सुरू होतो. माणसं तीच, केळी तीच, लग्नसंबंधही आरपार. बदलतात ते कचेरीतले शब्द. महाराष्ट्रात 'कुलपती' म्हणजे राज्यपाल आणि विद्यापीठ चालवतात ते कुलगुरू. मध्य प्रदेशात मात्र 2024 पर्यंत विद्यापीठ चालवणाराच 'कुलपती' होता आणि राज्यपाल होते 'कुलाधिपती'. त्या वर्षी मध्य प्रदेशानं कायदा बदलून 'कुलगुरू' हा शब्द घेतला. तोवर कुलपतींच्या नावानं लिहिलेला अर्ज सीमेच्या एका बाजूला साहेबाच्या टेबलावर गेला असता आणि दुसऱ्या बाजूला थेट राजभवनावर.

या पट्ट्यानं विद्यापीठं बदललेली पाहिली आहेत ती अशीच, जागचं न हलता. मध्य प्रांतातल्या महाविद्यालयांच्या परीक्षा आधी कलकत्ता विद्यापीठाच्या आणि मग अलाहाबादच्या असत. 1923 मध्ये नागपूरला विद्यापीठ आलं. 1946 मध्ये सागरला दुसरं निघालं आणि प्रांताचा हिंदी मुलूख तिकडे गेला. पुढे बुऱ्हाणपूरची महाविद्यालयं इंदूरच्या विद्यापीठाला जोडलेली राहिली, आणि 2024 मध्ये खरगोनला क्रांतिसूर्य टंट्या भील विद्यापीठ सुरू झालं तेव्हा बुऱ्हाणपूर जिल्हा त्याच्या वाट्याला आला. आजोबा, बाप आणि नातू यांच्या पदव्यांवर तीन वेगळ्या गावांचे शिक्के असणं इथे नवलाचं नाही.

शिक्का बदलायला एक अधिसूचना पुरते. पण नव्या विद्यापीठात पहिल्या दिवशी पात्रतेच्या याद्या कोण तपासतो? प्रश्नपत्रिकेची गोपनीयता कशी राखायची, हे कोणाला ठाऊक असतं? नव्या कारभाराला लागणारी जुनी माणसं कुठून येतात? उसनी आणतात, हे त्याचं उत्तर. त्या उसनवारीला मोठा इतिहास आहे, आणि विद्यापीठांच्या गौरवग्रंथांत त्याला फारशी जागा मिळालेली नाही.

सरकारी मराठीत या उसनवारीला दोन नावं आहेत. 'प्रतिनियुक्ती' हे सगळ्यांना ठाऊक असलेलं. दुसरं अधिक घरंदाज: 'स्वीयेतर सेवा'. 1981 च्या महाराष्ट्र नागरी सेवा नियमांतल्या एका संचाच्या नावातच ते आहे. स्वीय म्हणजे आपली, स्वीयेतर म्हणजे आपली नव्हे ती सेवा. शब्द जड असला तरी हिशेब सरळ आहे. माणूस आपल्या मूळ आस्थापनेचाच राहतो, काम दुसऱ्याकडे करतो. पगार नेणारा देतो. शिवाय त्या काळापुरतं रजावेतनाचं आणि निवृत्तिवेतनाचं अंशदानही नेणाऱ्यानंच भरायचं, म्हणजे परत आल्यावर सेवापुस्तकात भोक पडत नाही. मूळ जागेवरचा त्याचा हक्क शाबूत राहतो. नियमांत त्याला 'धारणाधिकार' म्हणतात, प्राध्यापकांच्या खोलीत 'लिएन'. "सर लिएनवर गेलेत" हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही महाविद्यालयात समजावून सांगावं लागत नाही.

कल्पना इंग्रजांनी आणली असं समजायचं कारण नाही. मराठेशाहीत दरकदार होते. दिवाण, मुजुमदार, फडणीस असे हे अधिकारी सरदाराच्या किंवा सुभेदाराच्या कचेरीत बसत, त्याचाच जमाखर्च लिहीत, पण नेमणूक हुजुरातून असे. सरदाराला वाटलं म्हणून त्यांना काढता येत नसे. चाकरी इथे आणि निष्ठा तिथे, अशी ही रचना होती. तिच्यात सहकार्य किती आणि पहारा किती, हे त्या सरदारालाच विचारायला हवं होतं. आजच्या विद्यापीठात शासनाकडून आलेला वित्त व लेखा अधिकारी खर्चाच्या फाइलीवर शेरा मारतो तेव्हा शेजारच्या टेबलावर जी कुजबुज होते, तिची जात तीच.

विद्यापीठांपुरतं बोलायचं तर मुंबई विद्यापीठाची सुरुवातच उसन्या वेळावर झाली. 1857 च्या त्या विद्यापीठात शिकवणं नव्हतं. परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या एवढंच काम. त्यासाठी पूर्णवेळ कुलगुरू कशाला हवा? ते पद मानाचं, बिनपगारी आणि फावल्या वेळात सांभाळायचं. 1892 मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग पहिले भारतीय कुलगुरू झाले तेव्हा ते उच्च न्यायालयात न्यायाधीश होते. त्यांच्यानंतर आलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर नुकतेच डेक्कन कॉलेजातून निवृत्त झालेले. न्यायालयानं आणि सरकारी महाविद्यालयांनी आपल्या माणसांचे तास विद्यापीठाला दिले, असा हा व्यवहार. कागदावर त्याला प्रतिनियुक्ती म्हणता येणार नाही, पण त्याशिवाय विद्यापीठाचं पानही हललं नसतं.

महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाचंही तसंच. 1916 मध्ये ते उभं राहिलं तेव्हा पैसा नव्हता, सरकारी मान्यता नव्हती. पण पुण्यात आयती माणसं होती. भांडारकर कुलपती झाले, आणि कुलगुरुपद रँग्लर परांजप्यांकडे गेलं, जे त्याच वेळी फर्ग्युसनचे प्राचार्य होते. कर्वे स्वतः 1891 पासून 1914 पर्यंत फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते आणि उरलेल्या वेळात हिंगण्याचा संसार उभा करत होते. फर्ग्युसन चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांचा पगार बेताचा होता. त्यांच्या वेळेवर मात्र गावातल्या निम्म्या संस्था जगत होत्या.

याच काळात बडोद्यात एक प्रयोग झाला. तो विद्यापीठाचा नव्हे, ग्रंथालयांचा. तरीही थोड्या मुदतीसाठी आणलेल्या माणसाचं याहून चांगलं उदाहरण शोधायला दूर जावं लागेल. सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेत सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली आणि 1910 मध्ये विल्यम ॲलनसन बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्याला आणलं. बॉर्डन तीन वर्षं राहिले. 1911 मध्ये त्यांनी प्रशिक्षणाचा वर्ग सुरू केला, मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली आणि 1913 मध्ये ते परत गेले. ते गेल्यावर दिवे मालवले नाहीत. जनार्दन कुडाळकरांनी काम पुढे नेलं, आणि 1912 मध्ये सुरू झालेलं 'लायब्ररी मिसेलनी' हे इंग्रजी, गुजराती आणि मराठीत निघणारं नियतकालिक 1919 पर्यंत चाललं. बॉर्डनना बोलावलं तेव्हाच त्यांच्या जाण्याची सोय केलेली होती. वर्ग काढला तो त्यासाठीच. पाहुण्याकडून काम करून घेणं सोपं असतं. त्याच्याकडून काम शिकून घ्यायला वर्ग काढावा लागतो, आणि वर्गात बसायला माणसं द्यावी लागतात.

नागपूरला विद्यापीठ आलं ते 4 ऑगस्ट 1923 ला, सहा महाविद्यालयं आणि 927 विद्यार्थी घेऊन. आज एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयात याहून जास्त मुलं असतात. पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस, नागपुरातले नामांकित वकील. त्यांच्यानंतरच्या कुलगुरूंत हरिसिंह गौर हे नाव दोनदा येतं: 1928 ते 1930, आणि पुन्हा 1936 ते 1938. गौर त्याआधी 1922 मध्ये दिल्ली विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले होते. म्हणजे 1946 मध्ये त्यांनी आपल्या जन्मगावी सागरला, आपल्याच कमाईच्या बळावर विद्यापीठ काढलं तेव्हा दोन विद्यापीठांचा कारभार त्यांच्या हाताखालून गेलेला होता. मकरोनियाच्या लष्करी बराकींत वर्ग भरले. इमारत उसनी चालली, कारण डोक्यात आराखडा स्वतःचा होता. शाहपूरच्या मुलखावर सागरचा शिक्का आला तो असा, दिल्ली आणि नागपूर इथे मुरलेल्या माणसाच्या हातून.

सगळ्यात बोलकी गोष्ट आहे मराठवाड्याची.

1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि तिथली महाविद्यालयं उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली. उस्मानिया 1918 चं, उर्दू माध्यमाचं म्हणून देशभर गाजलेलं. राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 23 ऑगस्ट 1958 ला औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झालं. पाच जिल्हे आणि मूठभर महाविद्यालयं. त्यात बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं 1950 मध्ये काढलेलं महाविद्यालय, पुढे मिलिंद या नावानं ओळखलं गेलेलं, हे मोठं बळ. पण विद्यापीठ चालवण्याचा अनुभव असलेला माणूस या पाच जिल्ह्यांत कुठून असणार? ती कचेरी आजवर हैदराबादेत होती.

पहिले कुलगुरू म्हणून आले सुंदरराव रामराव डोंगरकेरी. कुलगुरुपदावर न्यायाधीश, बॅरिस्टर, वैज्ञानिक किंवा राजकारणातले वजनदार गृहस्थ बसवायची त्या काळची रीत. पुण्यात 1949 मध्ये बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. डोंगरकेरी मात्र आयुष्यभराचे कचेरीतले. मुंबई विद्यापीठाचे ते अनेक वर्षं कुलसचिव होते, पुढे रेक्टर झाले, आणि विद्यापीठाला शंभर वर्षं झाली तेव्हा 1857 ते 1957 चा त्याचा इतिहास त्यांनीच लिहिला. अधिसभा, कार्यकारिणी, परीक्षा आणि संलग्नता यांच्या वाटा ज्याच्या पायाखालच्या होत्या, असा माणूस औरंगाबादला मिळाला. ही तांत्रिक अर्थानं प्रतिनियुक्ती नव्हती, रीतसर नेमणूक होती. तरी नवं विद्यापीठ जुन्याकडून जे उसनं घेतं, ते यापेक्षा वेगळं काय असतं? 1964 पर्यंत ते तिथे राहिले आणि 1966 मध्ये दोन विद्यापीठांच्या आठवणींचं इंग्रजी पुस्तक त्यांनी प्रसिद्ध केलं. शीर्षकात दोन्ही विद्यापीठं शेजारी बसली आहेत. एका कुलसचिवाला आपली नोकरी आठवणी लिहिण्याजोगी वाटली, हेही आपल्याकडे दुर्मीळच. कुलगुरूंची चरित्रं निघतात. कुलसचिवांच्या वाट्याला येतात ते निरोप समारंभ.

पुढची पन्नास वर्षं महाराष्ट्रात विद्यापीठं फुटत गेली, आणि हा शब्द इथे वाईट अर्थानं नाही. पुणे विद्यापीठानं 1949 मध्ये अठरा महाविद्यालयं आणि आठ हजारांवर विद्यार्थी घेऊन बारा जिल्ह्यांचा पसारा मांडला. 1962 मध्ये त्यातून शिवाजी विद्यापीठ निघालं, 1990 च्या 15 ऑगस्टला जळगावचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. नागपुरातून 1983 मध्ये अमरावती, 2011 मध्ये गडचिरोलीचं गोंडवाना. मराठवाड्यातून 1994 मध्ये नांदेड. शिवाजीतून 2004 मध्ये सोलापूर, एकाच जिल्ह्यापुरतं. आणि ते रुजलं शिवाजी विद्यापीठाच्याच सोलापूर इथल्या पदव्युत्तर केंद्रात. जळगावचे पहिले कुलगुरू निंबा कृष्णा ठाकरे पुणे विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक. राम ताकवले 1978 ते 1984 पुण्याचे कुलगुरू होते. 1989 मध्ये नाशिकचं मुक्त विद्यापीठ निघालं तेव्हा पहिले कुलगुरू तेच, आणि पुढे दिल्लीच्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची धुराही त्यांच्याकडे गेली. लेकीसुनांनी माहेरचं विरजण सासरी न्यावं तसं.

विभाजनाच्या वेळी मथळ्यांत हद्दी येतात. खरी ओढाताण कपाटांची असते. जुन्या विद्यापीठात नाव नोंदवलेल्या विद्यार्थ्याची पदवी कोणाची? पहिल्या वर्षाचे गुण एका कचेरीत, तिसऱ्या वर्षाची परीक्षा दुसरीकडे. एखादा विषय मागे राहिलेला मुलगा चार वर्षांनी उगवतो आणि त्याचा अभ्यासक्रम दोन्हीकडून बाद झालेला असतो. अशा वेळी नियमांच्या पुस्तकापेक्षा, त्या खतावण्या आपल्या हातानं लिहिलेला कक्ष अधिकारी महिना-दोन महिने येऊन बसला तर उपयोग होतो. तो परिपत्रकात नसलेल्या गोष्टी सांगतो: अमुक वर्षीची यादी दोनदा छापली होती, दुसरी खरी. नवी विद्यापीठं काही वर्षं जुन्याच्या दारी जात-येत राहतात ती यासाठी.

संलग्न महाविद्यालयातून विद्यापीठाच्या कारभारात जाऊन परत यायची वाट कायद्यानंही करून दिली होती. 1994 च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यात महाविद्यालय व विद्यापीठ विकास मंडळाचे संचालक असं एक पद होतं. सगळे त्याला 'बीसीयूडी' म्हणत. तिथे बहुधा एखादे अनुभवी प्राचार्य मुदतीपुरते येत, लिएन ठेवून. कालपर्यंत संलग्नता समितीपुढे फाइल घेऊन उभा राहणारा माणूस आज टेबलाच्या पलीकडे बसतो, आणि मुदत संपली की पुन्हा अलीकडे. महाविद्यालयाला काय सोसतं आणि काय नाही, हे त्याला कोणी समजावून द्यावं लागत नाही. अर्थात त्याच्या मूळ महाविद्यालयाच्या फाइलींना पाय फुटतात असंही लोक म्हणत, आणि म्हणणाऱ्यांचं अगदीच चुकत असेल असं नाही. 2016 च्या कायद्यानं ते पद काढून पूर्णवेळ अधिष्ठाते आणले. तेही मुदतीचे, त्यामुळे लिएनचे अर्ज थांबले नाहीत.

मध्य प्रदेशानं वेगळी वाट धरली. 1973 च्या तिथल्या विद्यापीठ कायद्यात राज्य विद्यापीठ सेवेची तरतूद आहे. म्हणजे कुलसचिव, उपकुलसचिव या मंडळींचा सगळ्या राज्यासाठी एकच संवर्ग आणि विद्यापीठा-विद्यापीठांत बदल्या. महाराष्ट्रात माणूस उसना जातो, तिकडे बदलून जातो. अनुभव फिरता ठेवायचा तर ही सोय चांगली. पण बदलून आलेल्याला मागे घर नसतं आणि पुढचा हुकूम कधीही येऊ शकतो. उसन्या माणसाच्या कागदावर निदान परतीची तारीख असते.

ती तारीख महत्त्वाची. युरोपात 1987 पासून चालणाऱ्या इरॅस्मस योजनेत आधी विद्यार्थी आणि अध्यापक फिरत, आणि पुढे कचेरीतल्या कर्मचाऱ्यांनाही दार उघडलं. प्रवेश विभागातली बाई दुसऱ्या देशातल्या प्रवेश विभागात जाऊन बसते: कमीत कमी दोन दिवस, जास्तीत जास्त दोन महिने. तेवढ्यात तिची खुर्ची कोणी बळकावत नाही आणि तिलाही दुसऱ्याची नको असते. आपल्याकडे अधिकाऱ्यांच्या उसनवारीचे नियम बारीक विणलेले आहेत. आवक-जावक सांभाळणारा लिपिक शेजारच्या विद्यापीठात पंधरा दिवस शिकायला गेला, असं मात्र क्वचितच घडतं. तो बाहेर जातो ते निवडणुकीच्या कामाला किंवा जनगणनेला.

त्यात भर पडली रिकाम्या जागांची. आकृतिबंधात पद असतं, खुर्चीत माणूस नसतो. मग एका विभागाचा प्रमुख दुसऱ्याचा 'अतिरिक्त कार्यभार' सांभाळतो, कुलसचिव 'प्रभारी' असतो आणि कधी कधी कुलगुरूही. ज्या घरात स्वतःलाच पीठ पुरत नाही ते शेजारणीला वाटी कशी देणार? मूळ संस्था 'कार्यमुक्त करता येत नाही' असं कळवते आणि अर्ज तिथेच बसतो. डोंगरकेरींच्या वेळी मुंबईकडे देण्यासारखं होतं म्हणून औरंगाबादला मिळालं.

शाहपूरच्या दोन अंगांना आज दोन विद्यापीठं आहेत. खरगोनचं अगदी कोवळं, आणि जळगावचं पस्तिशीतलं, 2018 पासून बहिणाबाई चौधरींच्या नावाचं. अंतर पाहिलं तर जळगाव जवळ पडतं. पदवीचा शिक्का येतो खरगोनहून. इकडून पदवी घेऊन तिकडे पुढच्या वर्गाला जाणाऱ्या मुलाला एक दाखला लागतो. मध्य प्रदेशात त्याचं नाव 'प्रव्रजन प्रमाणपत्र'. जणू मुलगा संन्यास घेऊन निघाला आहे. महाराष्ट्रात तेच 'स्थलांतर प्रमाणपत्र'. मुलगा खिडकीशी उभा राहून पहिलं नाव सांगतो, आतला कारकून दुसरं विचारतो, आणि मागच्या रांगेतलं कोणीतरी वैतागून म्हणतं, "अरे, मायग्रेशन म्हण ना!"